चौदाशे बारा चुका

आमच्या सोसायटीत छप्पन्न फ्लॅट. त्यातल्या पन्नासेक लोकांना हरिश्चंद्र धामणस्कर ऑफिसात बसून नेमकं काय करतात हे कधी कळलं नाही. मला कळायचं, कारण मी सोसायटीची अंतर्गत हिशेब तपासनीस. ते संगणक सुरू व्हायची वाट बघायचे.

दुपारी तीनला काका बी-विंगच्या जिन्याखालचं ऑफिस उघडत, संगणकाचं बटण दाबत आणि खुर्ची अर्धी दाराबाहेर ओढून बसत. पुढे अकरा मिनिटं यंत्र घरघर करत राही. अकरा हा आकडा मी घड्याळ लावून काढलाय, अंदाजपंचे नाही. त्या अकरा मिनिटांत शाळेच्या व्हॅनमधून उतरलेली पोरं, धुणीभांडी करून निघालेल्या बाया, कुरिअरवाला, इस्त्रीवाला असं कुणी ना कुणी समोरून जाई, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काकांचं एकेक वाक्य येई. "आज लवकर सुटली का शाळा?" "ए-विंगला पाणी आलं का?" "भैया, शर्ट का कॉलर जला दिया आपने." उत्तर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी वाक्य खर्ची पडलेलं असे.

मग संगणक जागा होई. छप्पन्न बिलं, पावत्या, थकबाकीची यादी. दोन दिवसांचं काम काका महिनाभर पुरवून पुरवून करत. बायको होती तोवर ते पाचच्या ठोक्याला चहासाठी वर जात. सरूबाई गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ऑफिस साडेसहाला बंद होऊ लागलं. काम तेवढंच, खजिनदार तोच, वेळ दीड तासाने वाढलेली. ऑडिटमध्ये मी असल्या गोष्टीवर शेरा मारते. याच्यावर नाही मारला.

तर एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उगवली. रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर, तपासणी फुकट. काकांनी फुकट शब्द वाचून होकार दिला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि लाल अक्षरांत निकाल लागला: तुमच्या संगणकात १,४१२ चुका सापडल्या. खाली बटण: आत्ता दुरुस्त करा, वर्षाला १,८९९ रुपये. चुका शोधायला फुकट, काढायला पैसे. आमच्याकडे दात बघणारे डॉक्टर असेच आहेत.

काका हादरले. नऊ वर्षं खजिनदार, एका पैशाची चूक नाही, आणि त्यांच्या ताब्यातल्या यंत्रात चौदाशे बारा? त्यांनी डायरी काढली, तारीख घातली, आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी केली, चौदाशे सहा निघाल्या. तिसऱ्या दिवशी चौदाशे एकोणतीस. त्यानंतर दारातल्या वाक्यांमध्ये या आकड्याची भर पडली.

"आज चौदाशे एकोणतीस," ते आमच्या चेअरमनबाईंना, विल्मा आँटींना म्हणाले.

विल्मा आँटी मूळच्या उत्तनजवळच्या पालीच्या. लग्न होऊन इथे, भाईंदरच्या इंद्रलोक भागात आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली, पण बोली अजून समुद्रावरचीच.

"चौदाशे?" त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या. "पस्तीस वर्सांत माझ्या नवऱ्यात पन एवढ्या न्हाय निघाल्या, धामनस्कर. आनि मी रोज तपासते."

"तसं नव्हे हो. यामुळेच मशीन स्लो आहे. या काढल्या की पळेल."

"मंग काढ की."

"एकोणीसशे रुपये आहेत. कमिटीत ठेवायला लागेल."

एरवी हे प्रकरण इथेच गोड चाललं असतं. पण त्याच महिन्यात आमची सेक्रेटरी नेहा हिने अ‍ॅपचा विषय काढला. नेहा मालाडला एका कंपनीत नोकरी करते, वय चौतीस, सगळं पटापट. बिलं आपोआप मोबाईलवर जाणार, पैसे आपोआप जमा होणार, पावती आपोआप फाटणार. ऑफिसची खोली रिकामी होईल, तिथे लोकांची पार्सलं ठेवता येतील.

"आणि काकांचं काम?" मी विचारलं.

"सुलूताई, मी त्यांना काढत नाहीये. मार्चची बिलं एप्रिलच्या नऊला आली. कॉम्प्युटर चालू व्हायलाच अर्धा दिवस जातो. लोक मला ग्रुपवर बोलतात, त्यांना नाही बोलत." मग जरा थांबून म्हणाली, "कॉम्प्युटर फास्ट झाला तर माझं काही म्हणणं नाही. चालू दे आहे तसं."

हे वाक्य तिने सहज टाकलं, पण काकांनी ते झेललं. यंत्र पळालं पाहिजे. यंत्र पळालं तर तीन ते साडेसहा शाबूत. नाही पळालं तर दुपारी तीनला ते तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड, टीव्हीसमोर. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. मला म्हणाले एवढंच: "वर दुपारी फार ऊन येतं हो, पश्चिमेचा फ्लॅट आहे." पश्चिमेचा फ्लॅट सोळा वर्षं होता. ऊन तीन वर्षांपूर्वी यायला लागलं.

आता अडचण माझ्यामुळे झाली, ती सांगते. चार वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या रंगकामात घोळ झाला, तेव्हा मीच ऑडिट रिपोर्टात लिहिलं होतं की हजार रुपयांवरच्या कुठल्याही खरेदीला तीन कोटेशनं हवीत आणि सर्वांत कमी दराचं घ्यावं. ठराव झाला. ठराव पाळणारा आख्ख्या इमारतीत एकच माणूस. लिफ्टचं कंत्राट एका फोनवर देणाऱ्या कमिटीत, काका एकोणीसशेच्या सॉफ्टवेअरसाठी तीन कोटेशनं गोळा करायला निघाले.

पहिलं सोपं होतं. कंपनीच्याच पानाची त्यांनी छापील प्रत काढली. दुसरं भाईंदर पश्चिमेला एका दुकानात मिळालं: बसवून देण्यासकट दोन हजार चारशे पन्नास. तिसरं मिळेना. कोण म्हणे असलं ठेवत नाही, कोण म्हणे अंकल, नेट से ले लो. काका रोज सकाळी शेअर रिक्षाने निघत, शर्ट इस्त्रीचा, हातात फाइल. आठ दिवस हे चाललं. आठही दिवस ते चांगले दिसत होते, हे मला नमूद केलं पाहिजे.

शेवटी मीरा रोड स्टेशनजवळ तळघरातल्या एका दुकानात त्यांना मॅक्सवेल भेटला. चाळिशीचा, उत्तनचा, दाढी वाढवलेला, समोर उघडे पडलेले तीन संगणक. काका मलाही घेऊन गेले होते; म्हणाले, ऑडिटर बरोबर असला की समोरचा नीट दर सांगतो.

"अंकल, हे कशाला घेताय?" मॅक्सवेलने छापील कागद बघून परत दिला. "ये सब फालतू है."

"चौदाशे चुका आहेत."

"चुका नाहीत त्या. हे बघा." त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कॉम्प्युटरमध्ये एक रजिस्टर असतं. कुठला प्रोग्रॅम आला, कुठे बसला, त्याची नोंद. प्रोग्रॅम काढला तरी एखादी लाइन राहून जाते. तुमच्या बिल्डिंगमध्ये खाली नावांचा बोर्ड आहे ना?"

"आहे."

"जुना भाडेकरू गेला, नाव बोर्डावर राहिलं. त्याने लिफ्ट स्लो होते का?"

काका विचारात पडले. "लिफ्ट नाही होत," ते म्हणाले, "पण नाव काढायला पाहिजे. नियम आहे."

मॅक्सवेल हसला. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. मी उडवल्या नाहीत.

"काढा की. पण पैसे देऊन कशाला? आणि कधी कधी हे सॉफ्टवेअर राहत्या माणसाचं नाव पण काढतं, मग प्रोग्रॅम बंद पडतो. कॉम्प्युटर कधीचा आहे?"

"दोन हजार अकरा."

"बस. म्हातारा झाला तो. डिस्क म्हातारी, सगळं म्हातारं. साफ करून जवान होतो काय कोणी?"

काका एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी फाइलची दोरी सोडली आणि परत बांधली.

"तुमच्याकडे हे सॉफ्टवेअर मिळतं का? मला फक्त कोटेशन द्या. तीन लागतात."

"मी विकतच नाही, तर कोटेशन काय देऊ?"

"जे तुमचं मत असेल ते लेटरहेडवर द्या. शिक्का मारून."

आणि त्या भल्या माणसाने दिलं. इंग्रजीत, चार ओळी. सदर सॉफ्टवेअरची आवश्यकता नाही. त्याने वेग वाढणार नाही. यंत्र जुने असून खर्च करण्याच्या लायकीचे नाही. रक्कम: शून्य रुपये. खाली शिक्का, सही.

रिक्षात बसल्यावर काकांनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्या हातात दिला.

रविवारी सकाळी दहाला कमिटीची मीटिंग. साडेनवाला काका माझ्याकडे आले. तुलनात्मक तक्ता केला होता, पट्टीने आखलेला: अनुक्रमांक, पुरवठादार, दर. तिसऱ्या ओळीत दर शून्य.

"हे तपासा," ते म्हणाले.

मी बघितलं. बेरजेला काही नव्हतंच. पण गणित साफ होतं: सर्वांत कमी दर शून्य, म्हणजे मंजूर शून्य, म्हणजे यंत्र भंगार, म्हणजे अ‍ॅप.

मी तीस वर्षं विम्याची एजंट आहे. लोकांनी फॉर्मवर लपवलेल्या साखरेपासून दारूपर्यंत सगळं मी ओळखते आणि ठणकावून लिहायला लावते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "काका, हे तिसरं पत्र ठेवू नका."

"म्हणजे?"

"माझा एक भाचा आहे वसईला, कॉम्प्युटरचंच करतो. त्याच्याकडून तीन हजाराचं कोटेशन मागवते व्हॉट्सअ‍ॅपवर. दहा मिनिटांत येईल. मग एकोणीसशेवालं पास. सॉफ्टवेअर आलं की वर्षभर कुणी विषय काढत नाही."

काकांनी चष्मा काढला. "तुम्ही ऑडिटर ना?"

"आहे की."

"मग असं काय बोलता?" रागावले नव्हते. खरंच विचारत होते. "कागद आलाय. आलेला कागद आला नाही असं कसं म्हणायचं?"

मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि मला वाटतं, तो पोरगा चुकतोय. चौदाशे चुका काढल्या तर थोडा तरी फरक पडेलच. पण माझं मत तक्त्यात लिहायला कॉलम नाही."

मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. काकांनी स्वतः तक्ता वाचला, तिसरी ओळसुद्धा, शिक्क्यासकट. नेहाने कागद हातात घेतला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. तिला जिंकायचं होतं, पण असं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.

"काका, हे तुम्हीच आणलंत?"

"तीन लागतात."

"न्हाय लागत होतं," विल्मा आँटी पुटपुटल्या. मग मोठ्याने, "हरी, तू सांग. तुझं काय म्हननं हाय?" त्यांनी काकांना हरी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कमीत कमी दर मंजूर," काका म्हणाले, आणि इतिवृत्तात स्वतःच्या हाताने लिहून मोकळे झाले.

अ‍ॅप पहिल्या तारखेपासून सुरू झालं. आधीचे चार दिवस नेहा कामावरून लवकर येऊन काकांशेजारी बसली, जुनी माहिती भरून घ्यायला. ते सांगत आणि ती टाइप करी.

"बी एकशे दोन. हे डिसेंबरात भरत नाहीत, पोरींची फी असते. जानेवारीच्या वीसला देतात. त्यांना व्याज लावायचं नाही आणि नोटीस तर अजिबात पाठवायची नाही."

"काका, यात तसं टाकायला जागा नाही. दहा तारीख गेली की व्याज आपोआप लागतं."

"बरं. ए चारशे एक. यांना बिल नवऱ्याच्या हातात द्यायचं नाही."

"काका..."

"नाही, जागा नसेल तर राहू दे. तुला म्हणून सांगितलं."

चौथ्या दिवशी नेहा म्हणाली, खूप हेल्प झाली काका, थँक यू. आणि खरंच मनापासून म्हणाली. मग तिची रिक्षा आली.

राहिला संगणक. वहीत त्याची घसारा वजा जाता किंमत दोनशे बारा रुपये होती. काकांनी तेवढे भरले, पावती मागून घेतली आणि वॉचमन नाथाच्या मदतीने यंत्र तिसऱ्या मजल्यावर नेलं. ऑफिसात दुसऱ्याच दिवशी खोक्यांची चळत लागली.

त्यानंतर माझा इंटरकॉम दुपारी सव्वातीनला वाजू लागला.

"सुलूताई, आज तेराशे अठ्ठ्याण्णव."

"बरं."

"काल चौदाशे तीन होत्या."

"म्हणजे कमी झाल्या."

"पाचने. का झाल्या असतील?"

कधी मी दोन वाक्यं बोले, कधी "गिऱ्हाईक आहे हो समोर" म्हणून ठेवून देई. गिऱ्हाईक कधी असे, कधी नसे. हिशेब काढायचा तर नसे तेच दिवस जास्त.

हे दीड महिना चाललं. मग एका रविवारी त्यांची मुलगी मनाली, नाशिकला असते, दर रविवारी अकराला फोन करते, तिने विचारलं, पप्पा, दिवसभर करता काय? त्यांनी चुकांचं सांगितलं. ती म्हणाली, एकोणीसशेच ना, मी भरते, एवढं काय त्यात. तिच्या कार्डावरून तिने तिथूनच घेऊन दिलं. त्यांना नको म्हणायला वेळच मिळाला नाही, कारण तिला मुलांना क्लासला सोडायचं होतं. हे सगळं मला सोमवारी इंटरकॉमवर कळलं. "आता दुरुस्ती चालू आहे," ते म्हणाले. आवाज उत्साही होता. "तीन तास लागतील म्हणतंय."

मंगळवारी सव्वातीनला फोन आला नाही. साडेतीनलाही नाही. चारला मला मीरा रोडला एका पॉलिसीच्या सहीसाठी जायचं होतं. चप्पल घातली, आणि लिफ्टचं खालचं बटण दाबायच्या ऐवजी जिन्याने एक मजला उतरले.

दार उघडंच होतं. काकांनी खुर्ची अर्धी उंबऱ्याबाहेर ओढली होती, तशी खाली ओढत तशीच. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधून दुपारी कोण जाणार? समोरच्या दोन्ही दारांना कुलपं, नोकरीवाली माणसं. आत टेबलावर संगणक सुरू होता. पडद्यावर हिरवा गोल, त्यात बरोबरची खूण, आणि खाली: एकही चूक नाही. तुमचा संगणक स्वच्छ आहे.

"या," काका उठून म्हणाले. "बघा. काहीच नाही म्हणतं."

"चांगलंय की."

"तीनदा तपासलं. सकाळी एकदा, जेवून एकदा, आत्ता एकदा."

"आणि चालू व्हायला किती वेळ लागतो?"

"अकरा मिनिटं." ते कसनुसं हसले. "तुमचा मॅक्सवेल बरोबर बोलला."

मी ज्या कामाला जन्मले तेच केलं. त्यांच्या खुर्चीवर बसून पावतीचा मेल उघडला, बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्या. "काका, तीस दिवसांत परत केलं तर सगळे पैसे परत मिळतात. नुसता एक मेल टाकायचा. हे घेण्यासारखं नव्हतंच, फुकट जाऊ देऊ नका."

ते माझ्या मागे उभे होते. मी वळून बघितलं. ते त्या हिरव्या गोलाकडे बघत होते.

"परत केलं तर ते जुनं फुकटवालं पुन्हा चालू होईल?"

"होईल."

"आणि चुका दाखवील?"

"दाखवील की. त्याचा धंदाच तो. रोज दाखवील."

"मग करू या परत," काका चटकन म्हणाले.

"मनालीला फोन लावा. तिच्या कार्डावरून घेतलंय, तिच्याच मेलवरून जायला पाहिजे."

"आज मंगळवार आहे, सुलूताई."

सुट्टीच्या दिवशी बँकेत चला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरणार होते. धरला नाही. तीस दिवसांत रविवार चार येतात. मुदतीच्या दृष्टीने घाई करायचं काहीच कारण नव्हतं, आणि दुसरं कुठलं कारण द्यायचं ते मला सुचलं नाही.

मला निघायला हवं होतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, हो हो, निघा, सही महत्त्वाची. मी पॅसेजमध्ये आले तेव्हा ते डायरी उघडून तारखेपुढे आजचा आकडा घालत होते.

"शून्य कशाला लिहिता?" मी दारातून म्हटलं. "सोडून द्या की."

"नोंद नको?" त्यांनी पेन थांबवलं, मनात दिवस मोजले. "रविवारपर्यंत पाच शून्यं होतील."

आणि त्यांनी पट्टी घेऊन पुढच्या चार ओळी आखायला घेतल्या.